चुकलेल्या चष्म्यांची फळी

आमच्या शाळेत एक काम असं आहे, की ते ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्याकडे बाकीचे शिक्षक आजारी माणसाकडे बघावं तसे बघतात. वरच्या वर्गातल्या मुलांना काही महिने बाहेर कामाच्या ठिकाणी पाठवायचं, ते काम. कागदोपत्री त्याला इंटर्नशिप म्हणतात. ज्या बैठकीत ते वाटलं गेलं, त्या दिवशी मी दाढ काढायला गेले होते. दाढ गेली ती गेली, वर हे आलं.

पहिल्याच वर्षी मी मुलं पाठवली तिथे तिथे न सांगता जाऊन आले आणि माझं डोकं फिरलं. एका ऑफिसात आमचा मुलगा प्रिंटरशेजारी खुर्ची टाकून बसलेला. काय करतोस विचारलं, तर म्हणाला, "कागद संपला की सांगतो." दुसरीकडे वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी चहाचे कप विसळत होती आणि तिथले साहेब मला हसत हसत सांगत होते, "अनुभव मिळतोय की तिला." मी म्हटलं, कप विसळायचा अनुभव तिला घरी भरपूर मिळतो, त्यासाठी तुमची पायरी चढायची गरज नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला मुलं नकोत म्हणून कळवलं. मी म्हटलं, बरी ब्याद गेली.

पण नुसतं त्यांना बोलून काय उपयोग? शाळा तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? मुलं पाठवायची, शेवटी शिक्का मारून आणायचा आणि हात झटकायचे. मधल्या काळात पोरगं तिथे शिकतंय की माश्या मारतंय, कुणी बघायला जात नव्हतं.

अशात एक दिवस माझ्या चष्म्याची दांडी तुटली आणि मला वहिनी भेटल्या.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. चष्म्याचं दुकान त्यांच्या धाकट्या दिराचं. ते त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून कारागीर वहिनी म्हणतात, म्हणून गिऱ्हाइकं म्हणतात, म्हणून आख्खी गल्ली म्हणते. एकदा म्हणे सासूबाईच चुकून "अहो वहिनी" म्हणून गेल्या आणि मग दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. दुकानाच्या पुढच्या भागात आरसे, फ्रेमा आणि काउंटरवर मालक. मधे काचेचं दार. दाराच्या आत कारखाना: काचा घासायची मशिनं, पाण्याचा सततचा सळसळाट, प्लास्टिकच्या चुऱ्याचा वास, आणि वहिनींचा आवाज. तो आवाज मशिनांच्याही वर जातो.

त्या माझी दांडी बसवत होत्या तेवढ्यात मी बोलता बोलता माझं रडगाणं गायले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही मुलांना शिकायला पाठवता की उन्हातून आत बसवायला?"

मला राग आला. पण प्रश्न बरोबर होता, त्यामुळे तो गिळावा लागला.

"मग तुम्ही घ्या ना दोन मुलं," मी म्हटलं.

"घेते की. पण दर आठवड्याला तुम्ही इथे येऊन बसायचं. फोन करून 'काय म्हणतंय आमचं पोर' असं चालणार नाही. बसायचं, बघायचं, आणि जे दिसेल ते वर्गात जाऊन शिकवायचं. जमेल?"

मला वाटलं होतं मी त्यांची मुलाखत घेतेय. त्यांनीच माझी घेतली.

पुढे कळलं, त्यांच्या अटी तेवढ्यावर थांबत नव्हत्या. मुलांना बसायला स्वतःचं टेबल हवं. पहिल्या दिवसापासून थोडे का होईना पैसे द्यायचे, फुकट राबवून घ्यायचं नाही. सुरुवातीला मोडक्या फ्रेमांवर हात बसवायचा, पण महिनाभरात खऱ्या गिऱ्हाइकाचं खरं काम हातात द्यायचं, आणि ते तयार झालं की मुलानेच काउंटरवर येऊन गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचं. मुलाचं प्रत्येक काम मोठ्या माणसाने मशिनवर तपासायचं. आणि एवढं करून चूक बाहेर गेलीच, तर ती तपासणाऱ्याची.

मालकांना हे सगळं म्हणजे डोक्याला ताप वाटत होता. माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक दिसलं की त्यांच्या अंगात वारं भरतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, वहिनींपुढे माझं काही चालत नाही, म्हणून हो म्हणतोय. पण एक सांगून ठेवतो. शाळेच्या मुलांनी केलेला एक जरी चुकीचा चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर गेला, तर त्या दिवशी हे बंद. कायमचं."

वहिनींनी आतून ऐकलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा नंबर वाढलाय का बघा. तुम्हाला सगळं काळंच दिसतं."

आता त्या फळीचं सांगते. कारखान्याच्या आत, वरच्या मजल्यावर जाणारा एक अरुंद जिना आहे. जिन्यासमोर भिंतीला एक लांब फळी आणि फळीवर ओळीने चष्मे मांडलेले. मला वाटलं, जुने नमुने असतील. ते सगळे चुकलेले चष्मे होते. कुणाचा नंबर उलटा, कुणाची काच वाकडी बसलेली, कुणाचं दोन काचांमधलं अंतर गंडलेलं. या घरात पद्धत अशी, की ज्याच्या हातून चष्मा चुकला त्याने तो फळीवर ठेवायचा, आणि नवीन माणूस आला की आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. मग त्या नवीन माणसाने त्यातला एक डोळ्यांवर चढवायचा आणि जिना चढून उतरायचा.

मीही चढले. दुसऱ्याच पायरीवर जिना माझ्या अंगावर आला. पाय कुठे टाकतेय तेच कळेना. भिंत धरली, साडी आवरली आणि तिथूनच खाली उतरले. वहिनी म्हणाल्या, "कळलं ना? आता असा चष्मा घालून एखाद्या म्हाताऱ्या माणसाने महिनाभर चालायचं."

फळीवरचा पहिला चष्मा त्यांच्या सासऱ्यांचा. दुसरा वहिनींचा स्वतःचा, आणि त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा त्यांना चष्म्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी बघितलं, मुलीचा हात स्थिर आहे. त्यांनी घासायला बसवलं. वहिनींनी हौसेने पहिला चष्मा बनवला तो नवऱ्याचा, आणि काचा गेल्या डाव्याच्या उजवीकडे. नवरा म्हणजे अगदी गरीब गाय. नव्या बायकोने पहिल्यांदा काही करून दिलंय, तिला वाईट कसं वाटू द्यायचं? दारावर आपटायचे, चहा कपाबाहेर ओतायचे, आणि विचारलं की म्हणायचे, "सवय होईल." शेवटी याच जिन्यावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. वहिनी सांगतात, "प्लास्टर घालताना हे माझ्याकडे बघून हसतायत, आणि मला वाटतंय जमीन पोटात घेईल तर बरं." यजमान आजही आत फ्रेमा दुरुस्त करायला बसतात. ही गोष्ट निघाली की ते मनगट उचलून दाखवतात, पदक दाखवावं तसं.

त्या दिवसापासून वहिनींनी एक वाक्य कारखान्यात बंद केलं. चष्मा बरोबर असेल तर बरोबर दिसतं, नाहीतर तो पुन्हा मशिनवर ठेवून बघायचा. गिऱ्हाइकाला "सवय होईल" असं म्हणायचं नाही. म्हणजे, आतल्या माणसांनी. काउंटरवर वहिनींचं राज्य नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी पाठवलेल्या दोघांत एक मुलगी होती. वर्गात तिला सगळे झटपट म्हणायचे. पेपर सगळ्यांच्या आधी टाकून जायची, उत्तरं बरोबर असायची, अक्षर मात्र मुंग्या पळाल्यासारखं. घरी तिच्या काकांनी ठरवून टाकलं होतं, की एवढं वर्ष झालं की शाळा पुरे, आमच्या गोदामात बसेल. झटपटला गोदामात बसायचं नव्हतं. तिला काचा घासायच्या होत्या. मशिनच्या पाण्याखाली काच फिरवताना ती मुलगी श्वाससुद्धा जपून घ्यायची. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हळू काही करताना बघत होते. वहिनींनी मालकांकडे शब्द टाकला होता, आणि मालकही कबूल झाले होते की मुदत संपली की तिला अर्धा दिवस कामावर ठेवू, अर्धा दिवस शाळा. चार पैसे कमावतेय म्हटल्यावर काकांची त्याला ना नव्हती. सगळं जमून आलं होतं.

मुदत संपत आली होती. मी नेहमीसारखी जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. वहिनींनी झटपटच्या टेबलावर गोल फ्रेम ठेवली आणि म्हणाल्या, "हे बघ, काच घासण्याआधी आपण उजव्या काचेवर शाईचा ठिपका देतो. बाकीच्या फ्रेमांत ठिपका आधी पुसला तरी बिघडत नाही, कारण उजवी काच डावीकडे बसतच नाही, आकारच वेगळा. गोल फ्रेमेचं तसं नाही. तिच्यात कुठलीही काच कुठेही बसते. म्हणून गोल असली की ठिपका अगदी शेवटी पुसायचा. बसवून, तपासून, मग."

झटपटच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. थोड्या वेळाने ती उठली, मला म्हणाली, "बाई, जरा बाहेर येता?" आणि आम्ही जिन्याखाली जाऊन उभ्या राहिलो.

"मी एक गोल फ्रेम केलीय," ती म्हणाली. "मागल्या महिन्यात. शिंपीकाकांची. मी ठिपका आधीच पुसला होता. छान चकचकीत दिसावं म्हणून."

"मग उलट्या बसल्या का काचा?"

"माहीत नाही. तेच ना. मला माहीतच नाही."

झटपटला मालकांची अट माहीत होती, सगळ्याच मुलांना माहीत होती. ती म्हणाली, "बाई, मी बोलले तर माझं जाईलच. पण पुढच्या वर्षीच्या मुलांचंही जाईल." आणि मग भिंतीवरच्या फळीकडे बघत म्हणाली, "पण काका तो घालून चालत असतील ना."

मी तिला म्हटलं, "चल. मी आहे बरोबर." दुसरं काय म्हणणार? खरं सांगते, त्या क्षणी मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. मशिन बंद केलं, हात पुसले आणि डोळे मिटून आठवायला लागल्या. "त्या दिवशी काका बाहेर थांबले होते," त्या सावकाश म्हणाल्या. "भाऊजी घाई करत होते. मी काचा सुट्याच तपासल्या. ठीक आहे म्हटलं आणि दुसऱ्या कामाला लागले. बसवल्यावर परत बघायला हवं होतं, मी बघितलं नाही." मग झटपटला म्हणाल्या, "चपला घाल."

शिंप्याचं दुकान तीन गल्ल्या पलीकडे. दार अर्धं उघडं, आत अंधार, शिलाई मशिनवर चादर टाकलेली. काका खुर्चीत बसले होते आणि नाकावर तोच गोल चष्मा होता. वहिनींनी विचारलं, "काका, काम बंद?"

"बंदच म्हणायचं," ते म्हणाले. "शिवण सरळ जाईना झाली. दोन शर्ट वाया घालवले. म्हटलं, आता डोळे गेले, हात गेले, लोकांचं कापड कशाला नासायचं? नवीन काम घेणं सोडलं."

"दुकानात येऊन सांगितलं नाहीत?"

"आलो होतो की. रेघा तिरक्या दिसतात म्हटलं. तुमचे दीर म्हणाले, वयामुळे असं होतं, सवय होईल." काका थोडं हसले. "मी करतोय सवय. पण होत नाहीये."

झटपटने खाली मान घातली. वहिनींचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा बघितला. त्यांनी काकांचा हात धरला आणि म्हणाल्या, "चला जरा आमच्याबरोबर."

दुकानात त्यांनी काकांना काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसवलं, मालकांच्या अगदी डोळ्यांसमोर. नंबर तपासायचं मशिन बाहेर आणलं. चष्मा त्यावर ठेवला. उजव्याचा नंबर डावीकडे, डाव्याचा उजवीकडे. वहिनी झटपटला म्हणाल्या, "काढ, उजवीवर ठिपका दे आणि तूच बसव." पोरीच्या हातून एक बारीक स्क्रू खाली पडला, तो यजमानांनी गुडघ्यावर बसून शोधून दिला. काचा बसल्या, वहिनींनी पुन्हा तपासल्या, आणि मगच झटपटने ठिपका पुसला. चष्मा तिने काकांच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "काका, चूक माझी होती. तुमच्या डोळ्यांची नव्हती."

काकांनी चष्मा घातला. आधी तिच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या शर्टाची बाही उलटी करून आतली शिवण बघितली. तिच्यावरून बोट फिरवलं.

"सरळ आहे," ते म्हणाले. "मी मशीन विकायला काढली होती हो. गिऱ्हाईकही ठरलं होतं."

काका उठले, झटपटच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणाचाही आधार न घेता पायऱ्या उतरून गेले.

मग मालक खाकरले. "वहिनी, मी आधीच सांगितलं होतं. बाईंनाही सांगितलं होतं. मुलांचा चुकीचा चष्मा बाहेर गेला तर…"

"बंद करा," वहिनी म्हणाल्या. "जरूर बंद करा. पण आधी हिशोब पुरा होऊ दे. हिने काच उलटी बसवली. मी तपासली नाही. चूक बाहेर गेली ती माझ्यामुळे गेली, हा नियम मीच केलाय. पण भाऊजी, बाहेर गेलेली चूक स्वतःच्या पायांनी चालत परत आली होती. तिला कुणी हाकललं?"

मालकांनी काउंटरवरच्या फ्रेमा उगाच सरळ केल्या. सरळच होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी आणि झटपटने टाकाऊ काचांतून अगदी तसाच उलटा चष्मा बनवला आणि फळीवर ठेवला. मी पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा काय होणार, या काळजीने आधीच अर्धमेली झाले होते. आत गेले तर वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं आणि जिन्याकडे खूण केली. मालक तो गोल चष्मा घालून जिन्याच्या मधोमध उभे होते. दोन्ही हातांनी भिंत धरलेली. वर जाता येईना, खाली येता येईना. यजमान खालून म्हणत होते, "डावा पाय टाक रे. मनगट सांभाळ."

खाली उतरल्यावर मालकांनी चष्मा काढला, घाम पुसला आणि तो नीट फळीवर परत ठेवला. मग मला म्हणाले, "ते काका तक्रार घेऊन आले त्या दिवशी असाच चष्मा घालून घरी एकटेच गेले होते, बाई. रस्ता ओलांडून."

मुलं घेणं बंद झालं की नाही, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण सोमवारपासून झटपट अर्धा दिवस दुकानात यायला लागली, आणि तिची बसायची जागा कुठे असावी यावर मालक आणि वहिनींचं कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा मी काय ते समजले. मालकांना ती रोज थोडा वेळ काउंटरवर हवी होती, परत येणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायला.

शाळेतही मी गप्प बसले नाही. आता कुठलंही मूल बाहेर पाठवायच्या आधी तिथल्या माणसाला मी वहिनींचेच प्रश्न विचारते. त्याचं टेबल कुठे? खरं काम केव्हा देणार? तपासणार कोण? आणि चुकलं तर काय करता? शेवटच्या प्रश्नाला जो म्हणतो "आमच्याकडे चुका होत नाहीत", त्याच्याकडे मी मुलं पाठवत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, बाई फार नखरे करतात. करते.

या वर्षीची दोन मुलं घेऊन मी परवा वहिनींकडे गेले. फळीसमोर दोघं उभी. सासऱ्यांची गोष्ट वहिनींनी सांगितली, मग स्वतःची, यजमानांनी मनगट दाखवलं. एकेक करत फळीच्या टोकाला गोल चष्मा आला. झटपट पुढे झाली. "याच्या काचा मी उलट्या बसवल्या," ती म्हणाली, आणि ठिपक्याचं सगळं सांगितलं, अजिबात घाई न करता. वहिनी म्हणाल्या, "आणि बसवल्यावर मी तपासल्या नाहीत."

नवी मुलं पुढच्या चष्म्याकडे वळणार, तर तिथे चष्माच नव्हता. वहिनींनी दाराकडे बघून हाक मारली, "भाऊजी, तुमचं राहिलंय."

काउंटरवर तीन गिऱ्हाइकं उभी होती. मालक त्यांना "एक मिनिट हं" म्हणाले आणि काचेचं दार ढकलून आत आले. मुलांसमोर उभे राहिले, एकदा घसा साफ केला.

"आणि त्यांना दिसत नाही म्हणून ते परत आले," ते म्हणाले, "तेव्हा मी त्यांना म्हटलं, सवय होईल."